बावीस हजार किलोमीटरनंतरचं रोटेशन

माझी नोकरी चिपळूणला आणि आई कराडला एकटी. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी शनिवारी कुंभार्ली घाट चढायचा आणि रविवारी संध्याकाळी उतरायचा, असं बरेच दिवस चाललंय. गाडी साधी हॅचबॅक. पेट्रोल, ऑइल, हवा मी वेळच्या वेळी बघते. टायरचं रोटेशन, म्हणजे पुढच्या-मागच्या टायरांच्या जागा आलटून-पालटून बदलणं, मात्र सर्व्हिसिंगमध्ये होतच असेल असं धरून चालले होते.

मागच्या जुलैत हेळवाककडून खाली उतरत होते. पाऊस धो धो, धुकं दाटलेलं. एका वळणावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळायच्या ऐवजी क्षणभर सरळच निघाली. वेग तीसचाही नव्हता. मागे मुलगी झोपलेली होती. घाटाखालची पोफळी येईपर्यंत माझे हात सैल पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजेडात टायर बघितले. नक्षीच्या मोठ्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पुढचे दोन्ही टायर त्या बेताला आले होते. मागच्यांची नक्षी मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक! इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर, वळायचं पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांवर. घाटात तर ही तिन्ही कामं एकदम. ते आधी झिजणारच, म्हणून तर रोटेशन करायचं असतं.

आणि बावीस हजार किलोमीटरमध्ये ते झालंच नव्हतं. डाव्या मागच्या टायरला गाडी नवी असतानाच दगड घासून साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चंद्रकोरीसारखी खूण पडली होती. ती खूण अजून डाव्या मागच्याच टायरवर होती. दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर मात्र ‘टायर रोटेशन’ आणि त्यापुढे रक्कम. जाऊन विचारलं, तर धड उत्तर मिळालं नाही. पैशांचं जाऊ दे, पण पोरीला मागे बसवून मी त्या टायरवर घाट उतरत होते, याचा राग अजून गेलेला नाही.

जवळच्या एका दुकानात म्हणाले, “मागचे पुढे, पुढचे मागे करू, अर्ध्या तासाचं काम.” मी तयारही झाले होते. पण शनिवारी तसंही कराडला जायचं होतं. पाऊस उघडलेला बघून सकाळीच, सावकाश निघाले आणि तिथल्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्या काकांना दाखवलं.

काकांनी आधी पुढच्या टायरवर तळवा आडवा फिरवला. मग मला म्हणाले, “ताई, तुम्ही फिरवा. आतून बाहेर. आता बाहेरून आत.” एका बाजूने हात गुळगुळीत गेला, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं टोचलं. “टो बिघडलाय, म्हणजे चाकं एकमेकांना सरळ समांतर राहिली नाहीत. अलाइनमेंट न करता टायर फिरवले तर मागचे चांगले टायरपण पुढे येऊन असेच झिजणार.”

मग त्यांनी खाचेत मापाची सुई घातली. पुढे 2.1 मिलिमीटर, मागे 5.2. “आता रोटेशन नाही करायचं,” काका म्हणाले. “ते आठ-दहा हजारांवर करायचं होतं, फरक थोडा असताना. आता हे गोटे मागे टाकले तर पावसात गाडीची शेपटी फिरेल. पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगला कळतं, पाय उचलला की गाडी सावरते. मागचं घसरलं की चांगल्या ड्रायव्हरलाही सावरत नाही.”

म्हणजे अर्ध्या तासाच्या त्या कामाने माझा धोका पुढून मागे गेला असता, इतकंच. दोन नवे टायर घेतले. नवे पुढे टाकायचे असं मीही समजत होते, पण ते मागे बसले आणि मागचे जुने पुढे आले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करूनच गाडी बाहेर काढली. आता जोड्यांमध्ये एवढा फरक आहे म्हटल्यावर या गाडीला सध्या रोटेशन नाही. पुढची जोडी संपली की मागची पुढे घ्यायची आणि नवी मागे टाकायची.

भावाच्या नव्या गाडीचं मात्र पहिल्यापासून नीट करायचं ठरवलं. आठ हजार किलोमीटर झाल्यावर स्वतः मापं घेतली: पुढे 6.3, मागे 7.1. फरक एवढाच असतो तेव्हाच रोटेशनचा उपयोग. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं, ‘पु.डा.’, ‘मा.उ.’ असं, आणि काकांकडे काम होईपर्यंत उभी राहिले. पुढचे सरळ मागे गेले, मागचे पुढे येताना डावा-उजवा अदलाबदल झाले. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असता तर त्यांची बाजू बदलता आली नसती, त्याच बाजूला नुसते पुढे-मागे. स्टेपनी यात घेतली नाही, कारण ती 14 इंची आणि बाकीचे टायर 15 इंची, शिवाय तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली. शेवटी दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचून हवा नव्या जागांप्रमाणे भरून घेतली. हे मुद्दाम सांगावं लागलं.

निघताना काका म्हणाले, “शंभर किलोमीटरवर नट परत बघा.” पुढच्या आठवड्यात भाऊ तीच गाडी घेऊन चिपळूणला आला, तेव्हा अंगणात पाना घेऊन बसलो. पंधरा नट जागचे हलले नाहीत. उजव्या मागच्या चाकाचा एक नट मात्र पाव फेरा फिरला.