असईहून वेलिंग्टनच्या घरी

माझं आजोळ भोकरदनकडचं. केळणा आणि जुई या नद्यांची नावं लहानपणापासून कानावर. याच नद्यांकाठी, असई गावापाशी, इंग्रज सेनापती आर्थर, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मराठ्यांशी लढला. त्यामुळे लंडनला गेले तेव्हा त्याचं घर, ॲप्सली हाऊस, पाहायचंच, हे आधीच ठरलं होतं.

जायला अगदी सोपं. हीथ्रोहून थेट येणाऱ्या पिकॅडिली लाइनवरच हाइड पार्क कॉर्नर स्टेशन आहे. वर रस्ता ओलांडायला जाऊ नका, वाहनांचा लोंढा थांबत नाही. भुयारी मार्गानेच बाहेर पडा. घर सगळे दिवस उघडं नसतं आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून घर सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख पाहूनच निघा. निवांत दोन तास हाताशी ठेवा.

बहुतेक लोक आत शिरले की जिन्यापाशी थबकतात. कानोव्हाने घडवलेला नेपोलियनचा संगमरवरी पुतळा तिथे आहे, जवळजवळ साडेतीन मीटर उंच. तो पाहाच, पण आधी तळमजल्यावरच्या भांड्यांच्या खोलीत जा. तिथे 'डेक्कन सर्व्हिस' आहे. 1803च्या दख्खन मोहिमेत वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी दिलेली, सोन्याचा मुलामा चढवलेली चांदीची भांडी. दिव्यांच्या उजेडात ती झगमगत होती आणि मला आजोळची काळी माती आठवत होती.

23 सप्टेंबर 1803. समोर शिंदे-भोसल्यांची अफाट फौज आणि जबर तोफखाना. नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. पण दोन तीरांवर दोन गावं समोरासमोर दिसली, म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच, असं ओळखून वेलिंग्टनने केळणा ओलांडली. लढाई जिंकली, पण शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत; इंग्रजांकडचे पंधराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं की तो असईचं नाव घ्यायचा.

या घराण्याची गोष्टही हिंदुस्थानाशी बांधलेली आहे. उमरावाच्या घरात किताब आणि इस्टेट थोरल्याकडे जाते. आर्थर धाकट्यांपैकी, हातात काही नाही, म्हणून 1793 साली किटी पॅकनहॅमच्या घरच्यांनी त्याचं स्थळ नाकारलं. हिंदुस्थानात नाव आणि पैसा कमावून तो 1805 साली परतला आणि पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. दोन मुलगे झाले, पण संसार सुखाचा झाला नाही. 1831 साली किटी याच घरात वारली. शेवटच्या दुखण्यात तिने त्याच्या बाहीत हात घालून, आपण पूर्वी दिलेला ताईत दंडावर आहे का ते चाचपलं, आणि तो होता, असं सांगतात. वरच्या खोल्यांतून फिरताना माझ्या मनात हेच घोळत राहिलं. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं.

हे घरसुद्धा त्याने 1817 साली थोरल्या भावाकडून विकत घेतलं. तो भाऊ म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला तैनाती फौजवाला गव्हर्नर जनरल वेलस्ली.

वर वॉटर्लू गॅलरीत दर 18 जूनला, म्हणजे वॉटर्लूच्या विजयाच्या दिवशी, जुन्या सहकाऱ्यांची मेजवानी व्हायची. तिथे वेलास्केझचं पाणीवाल्याचं चित्र जवळ जाऊन पाहा: मातीच्या घड्यावरून ओघळणारे थेंब बोटाला लागतील असे रंगवलेत. 1947 साली सातव्या ड्यूकने घर राष्ट्राला दिलं, पण काही खोल्या कुटुंबाकडेच राहिल्या. बंद दारं दिसली तर समजून घ्या.

वेलिंग्टनची कबर सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात आहे. रविवारी तिथे फक्त प्रार्थना असतात, पर्यटकांना सहसा फिरता येत नाही, तेव्हा शनिवारी कॅथेड्रल आणि रविवारी हे घर असा बेत ठेवा.