खुट्ट वाजलं का?

परवा भाच्याने विचारलं, "मावशी, कॅमेऱ्याला क्विक-रिलीजवाला, म्हणजे झटकन काढता-घालता येणारा पट्टा घ्यायचाय, कुठला घेऊ?" नाव सांगायच्या आधी मी त्याला माझ्या लेन्सचं हूड, म्हणजे काचेपुढचं कडं, दाखवलं. कडेला नखाएवढा टवका उडालाय त्याचा.

तेव्हा मी तिरका, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पट्टा वापरायचे. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडचं जे भोक असतं त्यात स्क्रू बसवायचा आणि त्या स्क्रूच्या कडीत पट्ट्याची क्लिप अडकवायची. कॅमेरा कमरेपाशी उलटा लोंबतो, उचलला की पट्ट्यावरून सरकत थेट डोळ्याशी येतो. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याच्या मानेला यासारखं सुख नाही. पण तो स्क्रू असतो पाव इंच जाडीचा, इंचाला २० आटे. चालताना कॅमेरा झुलतो, गिरकी घेतो, आणि एकेका झोक्याला स्क्रू केसभर सैल होत जातो. ते होऊ नये म्हणून मध्ये रबराचा वॉशर असतो. माझा वॉशर चपटा होऊन चकाकायला लागला होता. रोज दिसत होता मला. बदलू, म्हणत होते.

एक दिवस जिना उतरताना कमरेवरचं ओझं एकदम हलकं झालं. पुढचा आवाज अजून कानात आहे. मार हूडने खाल्ला, काच वाचली, जीव भांड्यात पडला. आणि ती भक्कम धातूची क्लिप? तिला ओरखडासुद्धा नाही. सुटलेला स्क्रू इमानेइतबारे धरून माझ्या कमरेला लटकत होती.

म्हणून पाकिटावर लिहिलेल्या किलोंना मी फारसं विचारत नाही. पीक डिझाइन या कंपनीचे गोल चकतीचे अँकर असतात: चकतीची बारीक दोरी कॅमेऱ्याच्या कडीत ओवायची आणि चकती पट्ट्याच्या टोकात सरकवून बसवायची. ते ९० किलोंचा भार पेलतात असं कंपनी सांगते. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि ७०-२०० एफ/२.८ ही जड झूम लेन्स मिळून साधारण अडीच किलो. म्हणजे ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. कॅमेरा पडतो तो झिजलेल्या किंवा अर्धवट बसलेल्या जोडामुळे.

अर्धवट बसणं हा या सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक. प्लॅस्टिकच्या दोन काट्यांच्या बकलमध्ये एक काटा आत जातो, दुसरा कडेला टेकून राहतो, आणि तरीही कॅमेरा लटकतो! हिसका बसेपर्यंत. त्यामुळे घेताना मी डोळे मिटून पाच-सहा वेळा लावून बघते. नीट बसल्याचं बोटाला कळलं पाहिजे. खुट्ट आवाज शांत खोलीत ऐकू येतो, गर्दीत कोण ऐकतंय? लावलं की एक हात कॅमेऱ्याखाली धरून दुसऱ्याने पट्टा जोरात ओढायचा. वेळ लागतो दोन सेकंद.

अँकर मला आवडतात ते वेगळ्याच कारणाने. त्यांची बारीक दोरी कडीच्या धारदार कडेवर घासून झिजते, पण वरचा काळा थर गेला की आतला रंग बाहेर डोकावतो. रंग दिसला की दोरी फेकायची, विचार करत बसायचं नाही. धातूचा हुक असं काही सांगत नाही, वर बॉडीला ओरखडे काढतो.

तळाला लावायचंच असेल तर अंगठ्याने पिळायच्या स्क्रूपेक्षा पान्याने आवळायची प्लेट बरी. अर्का पद्धतीच्या, म्हणजे ट्रायपॉडच्या पकडीत थेट सरकवून बसणाऱ्या, काही प्लेटना पट्ट्यासाठी खाच असते, मग ट्रायपॉडवर चढवताना काही काढावं लागत नाही. जड लेन्स असेल तर पट्टा लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या पायवाल्या कड्याला), बॉडीला नाही, नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर येतो. जोडीला सुरक्षेची बारीक दोरीही मिळते. मी ती लावते, पण खरं सांगायचं तर तिच्यामुळे 'क्विक'मधली मजा निम्मी जाते, एकाऐवजी दोन गोष्टी सोडवाव्या लागतात.

"मग काढ-घाल हवीच कशाला? शिवलेला पट्टा काय वाईट?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. त्याला म्हटलं, वाऱ्यात ट्रायपॉडवर वीस सेकंदांचं एक्सपोजर लाव आणि पट्टा तसाच लोंबू दे. फडफडून सगळा फोटो हलवतो. व्हिडिओ करताना तर कड्यांची किणकिण थेट माइकमध्ये.

एवढं ऐकून त्याने माझा कॅमेरा हातात घेतला, शिकवल्यासारखा पट्टा ओढून पाहिला, मग उजव्या बाजूच्या अँकरची दोरी उजेडात धरली.

"मावशी, इथे हा रंग कसला दिसतोय?"

दोरी लगेच काढली. नवी येईपर्यंत कॅमेरा दोन्ही हातांत धरून फिरतेय.