स्पेशल एडिशनचा टीव्ही आणि बाबांचे कान

डिसेंबरात आमचा कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाला, गेला. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. ओलावा आठ टक्क्यांच्या वर जेवढा निघाला तेवढी कपात झाली, बाकीचे पैसे खात्यात आले. त्यातले चाळीस हजार टीव्हीसाठी बाजूला ठेवायचं घरात ठरलं. जुना टीव्ही पोळ्यापासूनच कधी लागायचा, कधी नाही. त्यात फेब्रुवारीत टी-ट्वेंटीचा विश्वचषक. पुतण्याने मोबाइलवर जाहिरात शोधूनच ठेवली होती: क्रिकेट स्पेशल एडिशन, ४३ इंच, फोर-के, सोबत साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर), ३८,९९० रुपये.

खरी गरज मात्र वेगळी होती. माझ्या सासऱ्यांना, बाबांना, दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज ४५ वर असायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत बातम्या जायच्या, आणि तरी बाबा म्हणायचे, "आवाज येते वं, पर समजून नाई रायलं." साउंडबार आला की हे सुटेल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

हिंगणघाटला दुकानात गेलो. भिंतीवर तो टीव्ही लावलेला. मोराच्या पिसाचा एकेक केस दिसत होता. पुतण्या तर हलायलाच तयार नव्हता. मीही भुलले. परतीच्या एसटीत डोक्यात आलं, हे चित्र दुकानदाराने पेनड्राइव्हवरून लावलं होतं. आपल्या घरी ते येणार कुठून?

आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. २००४ पासूनची ही सरकारी सेवा, महिन्याचा खर्च नाही, गावात निम्म्या घरांवर तीच. त्या रात्री मी आणि पुतण्या वही घेऊन बसलो. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. फ्री डिशवरच्या साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखही नाही. बरोबर वीस पट फरक. प्रत्येक वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. तेच फुल एचडी पडदा घेतला तर फरक पाचच पट. इंटरनेटवरून फोर-के बघायचं तर नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग सांगतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. आमच्या ओसरीत मोबाइलवर चार-पाचच्या वर वेग मिळाला नाही, आणि रोजचा डेटा दोन जीबी. पुतण्या हिरमुसला. भारताचे महत्त्वाचे सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला द्यावेच लागतात, ते फ्री डिशवर दिसतील, हे सांगितल्यावर जरा निवला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाबांना सोबत नेलं. त्या दुकानात फ्री डिशचे बॉक्सही विकतात, म्हणजे वर छत्री होतीच. मी म्हटलं, "दादा, तुमचा व्हिडिओ नको, छत्रीची वायर लावा आणि सह्याद्री दाखवा." मुलगा आधी कुरकुरला, मग लावली. स्पेशल एडिशनवर माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले. शेजारच्या साध्या ४३ इंची फुल एचडीवर तेच चित्र आम्हाला जास्त बरं वाटलं. स्पेशल म्हणजे नेमकं काय, हे मी मॉडेल नंबर समोर ठेवून विचारलं. सोनेरी पट्टी, वेगळा रिमोट, एक वर्ष जास्त वॉरंटी आणि तो साउंडबार. पडदा नेहमीच्या फोर-के मॉडेलचाच.

मग साउंडबार. त्याच्यासोबतचं जाड आवाजाचं खोकं वाजलं तसं काउंटरच्या काचा थरथरल्या. बाबा खुर्चीवर पुढे सरकून बसले, कानामागे हात धरला, आणि म्हणाले, "धमधम त लय करते, पर बाई काय बोलून रायली थे समजत नाई."

आम्ही काहीच न घेता निघालो. तिथून बाबांना वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, ही खंत मला आहे. तपासणीच्या कागदावरची रेघ २००० हर्ट्झपर्यंत बरी होती, पुढे उतारच उतार. डॉक्टरांनी सांगितलं, वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, च ही अक्षरं तिथलीच. जाड आवाज बाबांना येतो, म्हणून "आवाज येते" म्हणतात, पण शब्दांच्या कडा झडलेल्या असतात. साउंडबारचं खोकं नेमका जाड आवाज वाढवत होतं. त्यांनी श्रवणयंत्र सुचवलं. बाबा अजून नाहीच म्हणतात. मी मागे लागलेली आहे.

त्यांनी आणखी एक सांगितलं: आवाज मोठा करण्याआधी जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. पातळ टीव्हीचे स्पीकर तर खाली तोंड करून असतात, आवाज आधी टेबलावर आदळतो, आणि बाबांची बाज समोरच्या भिंतीला, बारा फुटांवर.

शेवटी साधा फुल एचडी टीव्ही घेतला, २१,५०० रुपयांना, आणि सोबत वायरचा छोटा स्पीकर, ८५० रुपयांना. ब्लूटूथचा मुद्दाम नाही घेतला. तो चार्ज करा, जोडा, पुन्हा जोडा, हे बाबांच्या हातून व्हायचं नाही. हेडफोनच्या भोकात वायर घातली की आमच्या टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. आधी घाबरले, पण खोली लहान, त्या स्पीकरचा आवाज सगळ्यांना पुरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाड आवाज कमी केला, बारीक वाढवला. वायर सतरंजीखालून नेऊन बाजेच्या उशाशी स्पीकर ठेवला. रिमोट एकच राहिला. लाइट येता-जाता टीव्हीला झटका बसू नये म्हणून स्पाइक गार्ड लावला.

आता आवाज १६ वर असतो. परवा संध्याकाळी मी भाकरी थापत होते. सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता, विषय फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापसाची झाडं, पऱ्हाटी, वावरात तशीच ठेवण्याचा. बाबांनी आतून हाक मारली, "सूनबाई, फरदड ठेवू नका म्हणते थे बाई, बोंडअळी वाढते. आपली पऱ्हाटी त अजून उभीच हाये ना वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे वावरात पऱ्हाटी उपटायला गेले.