चांदी जागेवरच होती

खालच्या दाढेत भरलेली चांदी जिभेला टोचायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. कॉलेजात असताना भरलेली चांदी, सुटून वर आली असेल, जरा घासून देतील, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी हातात आरसा दिला. "चांदी जागेवरच आहे. भोवतीची दाढ झिजलीये." खरंच, भोवतीची जमीन खचून खांब उभा राहावा तशी ती चांदी दिसत होती. शेजारच्या दाढांवर बारीक वाट्यांसारखे खळगे. मग त्यांनी छोटा आरसा आत धरून वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली. काचेसारखी गुळगुळीत, आणि कडा इतक्या पातळ की आरपार उजेड दिसावा. सत्तेचाळीस वर्षांत ती बाजू मी एकदाही पाहिली नव्हती.

पुढचे प्रश्न दातांचे नव्हतेच. रात्री खोकला येतो का? सकाळी आवाज बसलेला असतो का? वर्षभर मी त्या खोकल्यावर अॅलर्जीची औषधं घेत होते! छातीत जळजळ कधीच नव्हती, त्यामुळे पित्ताचा संशयही आला नाही. फॉर्मवरची 'इतर तक्रारी' ही ओळ मी कोरी सोडली होती. खोकल्याचा दातांशी काय संबंध, असं वाटलं होतं.

संबंध असा, की तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५च्या खाली गेला की दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं, आणि पोटातलं आम्ल असतं १ ते २ पीएचचं. झोपेत ते घशाशी येतं, खोकला त्यानेच येतो, आणि तेव्हा ते धुऊन काढायला पुरेशी लाळही नसते. चांदीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ती उंच राहते. दात खाण्याच्या सवयीने झीज झाली असती तर दाढेबरोबर चांदीही सपाट झाली असती. फार आंबट खाण्यापिण्यानेही असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतः निदान केलं नाही. चिठ्ठी देऊन पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि व्रण निघाले. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर तिथल्या पेशी बदलू शकतात, हे ऐकून त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन गेले. त्याच्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या दिसत होत्या. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन त्याने फॉर्मवर लिहिलीच नव्हती! या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. त्याला साखर तपासायलाही सांगितलं, कारण हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात. साखर ठीक निघाली. गोळी त्याच्या डॉक्टरांनी बदलली. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका. आणि तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दुखत नसला तरी दाखवून या.

मी आता झोपण्याआधी तीन तास काही खात नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आहे, औषध चालू आहे. आंबट पाणी तोंडात आलंच तर लगेच ब्रश करत नाही, कारण मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. नुसती चूळ भरते. खोकला दोन महिन्यांत गेला.

गेलेलं इनॅमल परत येत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्या दाढेचा फोटो काढून ठेवला होता. सहा महिन्यांनी नवा फोटो शेजारी ठेवून आम्ही दोघींनी चांदीची कड निरखून पाहिली. होती तेवढीच उंच होती.