तीन दिवस, चार दऱ्या आणि दोन धरणं

मुलाला सुट्टी मिळेना आणि आमचं परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं, त्यामुळे त्याने परस्पर लास वेगासहून निघणारी तीन दिवसांची व्हॅन टूर बुक करून टाकली. झायन, ब्राइस, अँटिलोप, ग्रँड कॅन्यन, अशा चार दऱ्या. ड्रायव्हर तोच गाइड, आणि पहाटे सहाला हॉटेलच्या दारात पिकअप. गाइडेड टूर म्हटलं की मला "दहा मिनिटांत परत या हं" एवढंच आठवतं. इथेही तेच झालं, पण सांगते.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. नकाशा उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न, "कोलोरॅडो नदीवरची दोन्ही मोठी धरणं वाटेवरच आहेत की, थांबणार ना?" मुलगा फोनवर हो म्हणाला. मुलं हो म्हणतातच.

झायन आम्ही जेमतेम अडीच तास बघितलं, त्यामुळे फार बोलत नाही. व्हर्जिन नावाची नदी, गुडघाभर पाणी, आपल्याकडे ओढा म्हणतील हिला, आणि दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे मीटरच्या लाल भिंती. एवढ्याशा ओढ्याने हे कापलं हे काही केल्या पटेना. मला भारी वाटला तो बाहेर पडतानाचा बोगदा, १९३० चा, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर, आणि मधे मधे डोंगर फोडून चक्क खिडक्या ठेवल्यात. अंधारात जाता जाता एकदम उजेडाचा चौकोन आणि त्यात अख्खी दरी, की परत अंधार.

ब्राइसला पोचलो तेव्हा हुडहुडी भरली होती. अडीच हजार मीटरच्या आसपास उंची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, वाळवंट म्हणून मी कॉटनच्या साड्या आणि एक शाल घेऊन आलेली. पण खाली बघितलं आणि थंडी विसरले. शेकडो गुलाबी-केशरी सुळके दाटीवाटीने उभे, माउलींची दिंडी जागच्या जागी थांबावी तसे. गाइड म्हणाला, नाव कॅन्यन असलं तरी ही नदीने केलेली दरी नाहीच, भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, वर्षात दोनशेच्या आसपास दिवस हेच चालतं आणि खडक असा कुरतडला जातो. इथल्या मूळच्या पायूट जमातीच्या गोष्टीत ही सगळी वाईट वागलेली माणसं, कोल्ह्यासारख्या देवाने दगड करून टाकलेली. आपल्याकडे एकटी अहल्या, इथे अख्खं गाव!

आता घड्याळाची गंमत. युटा वेगासपेक्षा एक तास पुढे, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतच नाही, पण ॲरिझोनातच असलेला नवाहो या मूळच्या जमातीचा प्रदेश करतो, आणि पेज हे गाव त्याला अगदी खेटून असूनही ॲरिझोनाच्या वेळेवर. माझा फोन दिवसभर एक तास पुढे-मागे उड्या मारत होता. शेवटी ह्यांनी मनगटावरचं, वेगासच्या वेळेवरचं जुनं घड्याळच प्रमाण मानलं, आणि त्यामुळे आम्ही दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बरोब्बर एक तास उशिरा पोचलो.

त्याच सकाळी पेजच्या आधी पुलावरून जाताना ग्लेन कॅन्यन धरण दिसलं. दिसलं म्हणजे काय, मी "अहो ते बघा" म्हणेपर्यंत गेलं. २१६ मीटर उंच, आपल्या कोयनेच्या दुप्पट, हे ह्यांना पाठ होतं. थांबायचं विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, अँटिलोपची ठरलेली वेळ चुकेल. ह्यांनी तोंड फिरवून घेतलं ते तासभर.

अँटिलोपला मात्र गाइडशिवाय सोडतच नाहीत आणि ते बरंच आहे. जागा नवाहो लोकांची, गाइडही त्यांच्यातली एक तरुण मुलगी. आम्ही लोअर कॅन्यनला गेलो. वरून जमिनीत नुसती चीर पडल्यासारखं दिसतं, मग लोखंडी जिने उतरत जायचं, माझे गुडघे कुरकुरत होते पण मागे रांग, थांबायची सोय नाही. आणि खाली! भिंती वाळलेल्या नाहीत, वाहतायत असंच वाटतं, वरून ऊन झिरपतं आणि तोच दगड कुठे केशरी, कुठे जांभळा. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे बघितलेत ना, तसंच पाण्याचं काम, पण आपला काळा बेसाल्ट कष्टाने कोरल्यासारखा आणि हा वालुकाश्म कुंभाराने बोटं फिरवल्यासारखा. त्या मुलीने प्रत्येकाचा फोन घेऊन कॅमेऱ्याची सेटिंग बदलून दिली, ह्यांचा रुसवा तिथे गेला.

मग ती शांतपणे म्हणाली, १२ ऑगस्ट १९९७ ला इथे अकरा पर्यटक वाहून गेले. इथे पाऊसच नव्हता, तो पडला होता काही मैलांवर वरच्या अंगाला. हे जिने त्यानंतर बसवलेत. सगळे गप्प. हे हळूच वर आभाळाकडे बघत होते, आयुष्यभराची सवय.

हॉर्सशू बेंड बघितलं, नदीचं वळण फोटोतल्यासारखंच आहे, ऊन फोटोत दिसत नाही एवढंच.

तिसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. पूर्वेकडून शिरलो की आधी डेझर्ट व्ह्यू, तिथला दगडी मनोरा मेरी कोल्टर नावाच्या बाईने १९३२ मध्ये बांधून घेतलाय. गाइडने समोरच्या एका शिखराकडे बोट दाखवलं, "विष्णू टेंपल." आम्ही एकमेकांकडे बघितलं. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास अशी नावं ठेवायला सुरुवात केली, शिव टेंपलही आहे, ब्रह्मा टेंपलही. तळाच्या खडकांत विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट, राम शिस्ट. तो तळ साधारण १७० कोटी वर्षांचा, आणि आपण उभे राहतो तो कठड्यावरचा चुनखडीचा थर २७ कोटींचा. म्हणजे त्यांचा सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थरसुद्धा आपल्या सह्याद्रीपेक्षा चौपट म्हातारा, सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा. मी सातारची, आम्हाला आमच्या दगडाचा फार अभिमान, तो तिथे जरा हलला. दरी दीड किलोमीटर खोल, समोरचा काठ कुठे कुठे २९ किलोमीटर लांब, आणि खाली कोलोरॅडो म्हणजे हिरवट सुतळी. ड्रायव्हरने चाळीस मिनिटं दिली होती. मी त्यातली वीस एका बाकावर नुसती बसून घालवली, फोटो काढले नाहीत, तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

परतीला साडेचार तासांचा रस्ता. सगळी व्हॅन घोरत होती, हे मात्र खिडकीशी ताठ, कारण वेगासच्या अलीकडे हूवर धरणाशेजारून २०१० मध्ये झालेल्या नव्या पुलावरून जायचं होतं. अंधार पडायच्या जरा आधीच पुलावर आलो. आणि दोन्ही बाजूंना ही उंच काँक्रीटची भिंत, गाडीतून खालचं काही म्हणजे काही दिसत नाही.

पूल संपला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने हेच म्हणाले, "कठड्याचं काम मात्र नीट केलंय."