हिराकसाची बादली

सकाळी साडेसातला आम्ही ट्रकमधून हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटची, पोती उतरवत होतो, तेव्हा ते काका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बडोद्याच्या वेशीवरचा डायक्रोमेट या क्रोमियमच्या रसायनाचा हा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली! मागे उरलेला भट्टीचा गाळ मात्र अजून तिथेच आहे. क्रोमाइटचं खनिज सोडा आणि चुन्याबरोबर भाजून त्यातलं क्रोमेट पाण्याने धुऊन काढतात, पण सगळं निघत नाही. उरलेलं दर पावसाळ्यात खाली झिरपतं. पावसाळा सरला की भिंतीच्या विटांवर पिवळा फुलोरा येतो, तो त्याचाच.

"काय मराठी बोलता का?" काकांनी विचारलं. मूळचे खानदेशचे, याच कारखान्यात भट्टीवर होते. मी मास्क लावायला दिला, तर त्यांनी मान वर करून नाकपुडीत बॅटरी मारायला सांगितली. मधला पडदा आरपार गेला होता. क्रोमच्या धुळीने असं होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, माणसाच्या नाकात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आधी खपली धरायची. मग दुखायचं थांबलं, वाटलं बरं झालं." हे वाक्य मला अजून छळतं.

सफाईची पहिली चाचणी बादलीतच घ्यायची होती. विंधणविहिरीचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना पिवळं दिसेपर्यंत ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. त्यात हिराकसाचं द्रावण ओतलं आणि ढवळलं. पिवळा रंग मावळत गेला, गंजासारखा गढूळपणा आला, आणि तासाभरात तळाशी तपकिरी साका बसून वर नितळ पाणी राहिलं. हिराकसातलं लोखंड विरघळणाऱ्या विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी करतं, आणि ते पाण्यात सहसा उरत नाही. वरच्या पाण्यात आम्ल घालून डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकले; विषारी क्रोमियम असेल तर त्याने पाणी जांभळट गुलाबी होतं. रंग आला नाही. आमच्यातला एक पोरगा आनंदाने ओरडलाच.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण बादली म्हणजे जमीन नव्हे. गाळाच्या खड्यांच्या आत क्रोमेट अडकलेलं असतं. वरून कितीही हिराकस ओता, महिन्यांनी ते पुन्हा पाझरतं. गाळ खोदून अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात न्यायचा, तरी भूजलात आधीच उतरलेलं तिथेच राहतं. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकला. मला तो न्याय अगदी योग्य वाटतो. पण पैसा कोणीही दिला तरी जमिनीखालचं पाणी आपल्याच चालीने साफ होणार.

"आमची हापशी तपासता?" काकांनी विचारलं. घर भिंतीपासून शंभर पावलांवर. त्यांच्या सुनेने स्वच्छ, बिनरंगी पाण्याने बाटली भरून दिली. मी आम्ल घातलं, थेंब टाकले.

जांभळट गुलाबी.

ती ओसरीत उभी होती, मागे पाण्याने भरलेले हंडे. "ताई, पोरांना आज काय पाजू?" मी ट्रकमधले आमचे दोन जार काढून तिच्या दारात ठेवले आणि जोवर टँकर येत नाही तोवर फोनवरून हटले नाही.