तेरा आणि चौदा

मी आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) केंद्राच्या प्रयोगशाळेत भ्रूणांचे काम पाहतो. बायोप्सी केलेल्या, म्हणजे काही पेशी काढून गुणसूत्रांसाठी तपासलेल्या, भ्रूणांचे अहवाल आले की मी आधी पत्नीचे वय पाहतो, कारण भ्रूणातील गुणसूत्रांच्या संख्येतील चुका बहुतांशी स्त्रीबीज परिपक्व होताना घडतात आणि पस्तिशीनंतर त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्या दिवशीच्या अहवालावर वय होते 29. सहा ब्लास्टोसिस्टपैकी (पाच-सहा दिवसांच्या भ्रूणांपैकी) दोन निर्दोष होते. उरलेल्यांपैकी एकात 16 क्रमांकाचे गुणसूत्र जादा, एकात 13 जादा, एकात 14 जादा, तर एकात 14 कमी होते. सोळावे जादा आले तर ते जवळजवळ नेहमीच बीजाकडून आलेले असते, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. परंतु तीन भ्रूणांतील दोष 13 आणि 14 या दोनच क्रमांकांवर यावेत, हा योगायोग मानायला मन तयार होईना.

मी फाइल पुन्हा काढली. दोन गर्भपात झाले होते आणि दोन्ही वेळा तपासण्या झाल्या त्या पत्नीच्या. पती कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करत होते आणि त्यांच्या वीर्यतपासणीत दर मिलिलिटरला 40 लाख शुक्राणू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. उष्णतेने शुक्राणू घटतात हे खरे असल्याने भट्टी हेच कारण सर्वांनी धरले होते. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून त्यांनी तेवढा काळ पॅकिंगकडे बदली मागून घेतली होती, तरी काउंट जागचा हलला नव्हता. इतका काउंट कमी असलेल्या पुरुषाची कॅरिओटाइप तपासणी, म्हणजे रक्तातील पेशींच्या गुणसूत्रांची संख्या व रचना पाहणारी तपासणी, करायची असते. आमच्या डॉक्टरांनी ती सुरुवातीलाच लिहून दिली होती, परंतु धडधाकट माणसाच्या रक्तात काय शोधायचे, असे म्हणून घरातून ती टाळली गेली होती.

इक्सीसाठी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी, शुक्राणू मीच निवडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली जो सरळ पोहतो, ज्याचे डोके सुबक असते, तो आम्ही काचेच्या सुईत घेतो. पण त्याच्या आत गुणसूत्रे 23 आहेत, 22 आहेत की 24, हे जिवंत शुक्राणूत पाहण्याची सोय नाही. शुक्राणूंचा डीएनए तुटलेला असणे ही वेगळी बाब आहे आणि त्यातील काही दुरुस्ती बीज स्वतः करते, गुणसूत्रच जादा किंवा कमी आले तर मात्र बीजाकडे तसा उपाय नसतो. वीर्याचा अहवाल वाचताना हा फरक डॉक्टरांनी जोडप्याला आवर्जून सांगायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

डॉक्टरांशी बोललो आणि या वेळी पतींनी रक्त दिले. अहवालात त्यांची गुणसूत्रे 46 नव्हे, 45 होती: एक 13 आणि एक 14 एकमेकांना जोडली गेलेली. आवश्यक जनुके सगळी जागेवर असल्याने माणूस निरोगी राहतो, मात्र शुक्राणू बनताना या जोडलेल्या गुणसूत्राची आणि सुट्या 13 व 14 ची वाटणी काही वेळा चुकते, आणि शुक्राणू कमी तयार होण्यामागेही बऱ्याचदा हेच असते. असे जोडलेले गुणसूत्र असलेल्या पुरुषाचे, म्हणजे वाहकाचे, बहुतेक शुक्राणू बरोबर वाटणीचे असतात; या जोडप्याच्या वाट्याला एकाच खेपेत तीन चुकीचे आले.

समुपदेशनाला सासूबाईही आल्या होत्या. सगळे ऐकून त्या सुनेला म्हणाल्या, “एवढी वर्षं तुलाच औषधं घ्यायला लावली गं आम्ही.” सून काही बोलली नाही. तिने मला विचारले, “सर, जे दोन चांगले आहेत, त्यांच्यात यांच्यासारखं जोडलेलं असेल का?” भ्रूणांची ही तपासणी गुणसूत्रांचे प्रमाण मोजते, त्यामुळे पूर्ण सामान्य भ्रूण आणि वडिलांसारखा संतुलित (गुणसूत्र जोडलेले, पण जनुके पुरेपूर असलेला) वाहक यांत ती फरक करू शकत नाही, हे मी तिला सांगितले; वाहक निघाले तरी मूल वडिलांसारखेच निरोगी असेल, फक्त त्याला स्वतःला मुले हवी असतील तेव्हा तपासणी करावी लागेल, हेही सांगितले. तिने पतींकडे पाहिले आणि गोठवलेल्या दोनपैकी एक भ्रूण पुढच्या पाळीत गर्भाशयात सोडायचे ठरले. उठता उठता पतींनी धाकट्या भावाचे नाव घेतले. त्याचे लग्न मार्गशीर्षात होते आणि हा दोष आईवडिलांपैकी कोणाकडून आलेला असू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. भावाची आणि आईवडिलांची कॅरिओटाइप तपासणी त्याच बैठकीत लिहून दिली गेली.